कच्ची वकील आणि यमुनेचा अंगठा

ती कागद मागून वाचायची. कुठलाही कागद हातात दिला की आधी शेवटचं पान काढायची. सह्या, अंगठे, साक्षीदारांची नावं बोट ठेवून बघायची आणि मग एकेक पान पुढं यायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, हिला धड वाचता येत नाही, उगाच नाटक करते. तिच्या सरांनी तसं शिकवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. वरचा मजकूर कोणीही कोणाकडून लिहून घेतो, खरी माणसं शेवटच्या पानावर असतात, असं ते सर म्हणायचे म्हणे. पण त्या दिवशी मी पिशवी मांडीखाली दाबली आणि मनात म्हटलं, हिच्यापासून जपून.

शहापूरला कोर्टाच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. तिथं शनिवारी वकिलीच्या कॉलेजातली मुलं येऊन बसायची आणि लोकांना फुकट सल्ला द्यायची. फुकट म्हटल्यावर मी दोन शनिवार नुसता बाहेर उभा राहिलो. आत कोण जातं, बाहेर येणाऱ्याचं तोंड कसं असतं, ते बघत. शेवटी समोरच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं, "ही पोरं कोण रे?"

"कच्चे वकील," तो म्हणाला. "इथं शिकतात आणि पक्के झाले की कल्याणला पळतात."

त्या मुलीला तो कच्ची म्हणायचा, म्हणून मीही तेच धरलं. तिचं नाव नंतर कळलं, पण तोंडात आजही कच्चीच येतं. कसाऱ्याची पोर. बाप रेल्वेत रुळांच्या कामावर. अंगानं काटकुळी, नाकावरून घसरणारा चष्मा, आणि खोलीत शिरताना चपला बाहेर काढायची. आता वकील कधी चपला काढतो का? मी तेही मनात लिहून ठेवलं.

मी का गेलो होतो ते सांगतो. माझी बायको यमुना, माहेर मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे. तिला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. आम्हाला मूलबाळ नाही, घरात दोघंच होतो, आता एकटा. तिनं परसात लावलेली काकडी वेलावर पिवळी होऊन फुटली तरी मला तोडवली नव्हती. तिच्या बापाच्या जमिनीवर भावासोबत तिचंही नाव होतं. त्या शेतातलं मूठभर भात आम्ही कधी मागितलं नाही, पण नाव होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. ती गेल्याचं सांगायला मी तिकडच्या तलाठ्याकडं गेलो तर तो म्हणाला, "बाईंचं नाव तर कधीच कमी झालंय. भावाला हक्कसोड करून दिली त्यांनी."

हक्कसोड म्हणजे बहिणीनं बापाच्या जमिनीतला आपला हक्क भावाला लिहून द्यायचा. आमच्याकडं बहुतेक बायका देतात. साडीचोळी होते, जेवण होतं आणि माहेराचं दार उघडं राहतं. जी देत नाही तिला दिवाळीला कोणी न्यायला येत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही. पण यमुनेनं असं काही केलं तर मला सांगितल्याशिवाय कसं करील? आणि मी नक्कल काढून बघितली तर खाली तिच्या नावापुढं अंगठा.

यमुना सही करायची. रात्रीच्या साक्षरता वर्गाला जाऊन शिकली होती. मी चौथी झालेला, पण माझ्यापेक्षा तिची सही चांगली. वर रेघ अशी लांब ओढायची की कागद संपायचा. बँकेत कोणी शाईचा डबा पुढं केला की ती हातानं मागं ढकलायची, "मला येतं." ती बाई अंगठा देईल? मी तिथल्या तिथं ठरवलं, धर्मानं फसवलं. धर्मा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. एकतर दुसरी कोणी बाई उभी केली असेल, नाहीतर ही झोपलेली असताना बोट दाबलं असेल.

त्याआधी मी एका पक्क्या वकिलाकडं जाऊन आलो होतो. त्यानं माझं नाव विचारायच्या आधी जमीन किती ते विचारलं आणि म्हणाला, शंभर टक्के जिंकतो. मी चहा पिऊन उठलो तो परत गेलो नाही.

कच्चीकडं मी एका वेळी एकच कागद काढायचा ठरवलं होतं. एक दिला की ती मागून वाचायची, परत द्यायची आणि माझ्या पिशवीकडं बघायची. खताची रिकामी पिशवी होती ती.

"बाबा, पिशवीत अजून काय आहे?"

"भाकर."

"भाकरीला स्टॅम्प लावलेला दिसतोय," ती म्हणाली.

बघतो तर नकलेचा कोपरा बाहेर आलेला. मी हसलो नाही. कागद दिला.

तिची वही ही दुसरी भानगड. मी बोललो ते सगळं ती लिहायची. यमुना माहेरी किती वेळा जायची, कोण न्यायला यायचं, धर्मा चांगला वागायचा का. आणि एकदा विचारलं, "आजींना काय आवडायचं?"

"ते कशाला गो? जज विचारनार हाय का?"

"नाही. पण मी त्यांना पाहिलं नाही ना."

मी सांगितलं, सुकटीची चटणी आणि दुसऱ्याच्या लग्नात नाचणं. तिनं तेही लिहिलं. मग मी तिची परीक्षा घेतली. लग्नाचं साल एकदा एक सांगितलं आणि पुढच्या शनिवारी दुसरंच.

"बाबा, मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतंत. कुठलं धरू?"

"दुसरं."

"मग पहिलं कशाला सांगितलं?"

"तू लिवतेस का नुसती रेघा मारतेस, ते बघायला."

ती हसली, आणि हे बोलणंही तिनं वहीत उतरवलं. मी वाकून बघितलं.

तिच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं होतं. काहीही विचारा, ती म्हणायची, "मला माहीत नाही, विचारून सांगते." आणि विचारायला कोपऱ्यातल्या सरांकडं जायची. ते सर पेपर वाचत बसायचे. टेबलावर कधी यायचे नाहीत, पण कान इकडंच. मला वैताग आला. म्हटलं, "तुला काय बी माहीत नाय तर खुर्चीत कशाला बसलीस?"

"मी अजून वकील नाही बाबा. शिकते आहे."

"म्हणजे माझ्यावर शिकतेस?"

"हो," ती म्हणाली. असं तोंडावर हो म्हणणारं माणूस मला नवीन होतं. वर म्हणते कशी, "पण सर बघतायत."

तिसऱ्या का चौथ्या शनिवारी मी गेलो तर तिचा चेहरा उतरलेला. समोर जाड पुस्तक उघडून ठेवलेलं. म्हणाली, "बाबा, एक वाईट सांगायचंय. बाईला मूल नसलं, आणि जमीन तिला बापाकडून आलेली असली, तर तिच्यामागं ती जमीन बापाच्याच घरी परत जाते. नवऱ्याकडं येत नाही. म्हणजे हा कागद खोटा ठरला तरी जमीन धर्मामामांकडंच जाणार."

मी उठलोच. "कोणी पढवलं तुला हे? धर्मा येऊन गेला का?"

तिनं पुस्तक माझ्याकडं फिरवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. कळलं काही नाही, पण छापलेलं होतं, तिनं त्या रात्री बसून लिहिलेलं नव्हतं. मी परत बसलो. मग मीच म्हटलं, "मला नको जमीन. कसनार कोण आन खानार कोण? माझ्या बायकोला फसवलं का, तेवढं मला सांग. फसवलं आसल तर मी तिच्या भावाच्या दारात थुंकून येईन. बाकी काय नको."

सरांनी पेपर खाली केला. "ही केस नाही," ते तिला म्हणाले. मग चष्म्यावरून बघून म्हणाले, "पण काम आहे. तुला करायचं असेल तर कर."

तिनं केलं. बँकेचा अर्ज, बचत गटाचं रजिस्टर, रेशनचा कागद, जिथं जिथं यमुनेनं सही केली होती ते सगळं माझ्याकडून आणवलं आणि टेबलावर ओळीनं मांडलं. सगळीकडं ती लांब रेघ. पोरीचे डोळे चमकायला लागले. म्हणाली, "बाबा, इतक्या हौसेनं सही करणारी बाई अंगठा देणारच नाही. हा अंगठा खोटा असणार."

ते वाक्य मी घरी घेऊन गेलो. मला तेच हवं होतं. पुढच्याच आठवड्यात सरळगावला आमच्या नात्यात लग्न होतं. मांडवात धर्मा पानसुपारीचं तबक फिरवत होता. माझ्यासमोर आला, "घ्या भावोजी," म्हणाला. मी तबकाला हात लावला नाही. सगळे ऐकतील अशा आवाजात म्हटलं, "यमुनेचा अंगठा चोरलास तू. मेलेल्या बहिनीचा चोर हायस."

वाजंत्री तेवढी चालू होती. धर्मानं तबक खाली ठेवलं. त्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. दोघं न जेवता गेली. एक शब्द बोलला नाही तो. मी म्हटलं, बघा, हा खरा असता तर बोलला नसता का?

शनिवारी मी हे कच्चीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती पांढरी पडली. कोपऱ्यातून सर उठून आले, पहिल्यांदाच.

"तू ह्यांना काय सांगितलं होतंस?"

"अंगठा खोटा असणार, असं म्हटलं सर."

"असणार?" सर म्हणाले. एवढंच. मग जरा थांबून, "त्या वर्षी त्या घरात काय चाललं होतं ते विचारलंस?"

तिनं मान हलवली, नाही. मग माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "बाबा, चूक माझी आहे. मला माहीत नसताना मी बोलले. तुम्हाला त्याचा त्रास झाला, त्या मामांनाही झाला."

तलाठी, क्लार्क, डॉक्टर, वकील, टेबलामागं बसलेल्या कुठल्याही माणसानं माझ्यासमोर चूक कबूल केलेली मी आयुष्यात ऐकली नव्हती. म्हणून तर माझा संशय वाढला. म्हटलं, आता ही पलटी मारायची तयारी करते.

तिनं विचारलं, "हा कागद श्रावणातला आहे. त्या वर्षी श्रावणात आजी कुठं होत्या?"

"घरी. कुठं जाईल?"

"आजारी होत्या का? काही लागलं होतं?"

"नाय."

मी खोटं बोललो नव्हतो. सालं आकड्यानं माझ्या लक्षात राहत नाहीत. कोण माझ्याशी कधी वाकडं बोललं ते राहतं.

त्यानंतर मला किन्हवलीच्या बाजारात वैशाखऱ्याचा एक जण भेटला. म्हणाला, "तुमची वकीलीन आलती आमच्याकडं, अजून एक पोरगी होती संगती. धर्माच्या ओट्यावर बसून चहा पीत होती." झालं. शनिवारपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. त्या खोलीत लोक बसलेले असताना मी दारातूनच सुरुवात केली. फितूर म्हटलं, कसाऱ्याची भामटी म्हटलं, तुझ्या बापाला सांगतो म्हटलं. ती उभी राहून ऐकत होती. माझा दम संपला तेव्हा म्हणाली, "हो, चहा प्यायले. पोहेही खाल्ले. सरांना विचारून गेले होते. शेवटच्या पानावर साक्षीदार म्हणून चांगुणाबाईंचं नाव आहे, त्यांना भेटायचं होतं. त्या धर्मामामांच्या शेजारीच राहतात. तुमचं बोलून झालं बाबा?"

"झालं."

"मग बसा. एक सांगा. तुमच्या खालच्या शेताचा बांध फुटला होता, ते वर्ष आठवतंय?"

न आठवायला काय झालं? निम्मं शेत वाळूनं भरलं होतं.

"त्या वर्षी लावणी कोणी केली?"

"वरच्या पाड्यावरच्या बायका आनल्या."

"का? दरवर्षी तर आजी करायच्या ना?"

यमुना त्या बांधावरूनच घसरली होती. उजवा हात मनगटात मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून कोपरापर्यंत बांधला होता. मी तिची वेणी घालायचो. अशी वाकडी यायची की ती आरशात बघून हसत सुटायची, "गुरांचा दोर वळताय का डोक्याला?" पंधरा दिवस तिनं सोसलं आणि मग म्हणाली, तुमच्या हातची वेणी पुरे, मी वैशाखऱ्याला जाते, वहिनी घालेल. श्रावण तिनं तिकडंच काढला.

तिचा हात मोडला हे मी विसरलो नव्हतो. पण तो हात आणि हा कागद माझ्या डोक्यात कधी एकमेकांशेजारी आलेच नव्हते. सालाच्या आकड्यानं विचारलं असतं तर मेलो तरी आले नसते. आमच्याकडं वर्ष ओळखायचं ते लावणीनं, बांध फुटण्यानं, बैल बदलण्यानं. हे त्या रेल्वेवाल्याच्या पोरीला चांगुणानं शिकवून पाठवलं होतं.

"म्हणजे तिनंच दिला," मी म्हटलं.

"हो. डाव्या हाताचा."

"मग मला का नाय सांगितलं?"

कच्चीनं सरांकडं बघितलं. सर उठले, पेपर घडी करून काखेत घातला आणि बाहेर निघून गेले. तिला एकटीला ठेवून. तेव्हा मला त्यांचा राग आला, आज येत नाही. तिनं वही उघडली. "चांगुणाबाई बोलल्या ते मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलंय. वाचू?"

मी मानेनं हो म्हटलं.

तिनं वाचलं. आवाज लहान झाला होता तिचा. "यमुनाला मी इचारलं, मालकाला सांगितलंस का गो? तर ती म्हनाली, नाय. त्यांचा सोभाव संशयी हाय. कळलं तर धर्माला कोर्टात वढतील, न मंग माझं माहेर तुटंल. मला पोर नाय. सनावाराला दोन दिस जाऊ कुठं? जमीन त्यांना नको हाय, त्यांना भांडान पायजे."

वाचून झाल्यावर तिनं वही मिटली नाही. मला वाईट वाटेल असं काही म्हणाली नाही, बरं वाटेल असंही काही नाही. पाण्याचा पेला माझ्याकडं सरकवला. त्या खोलीत अजून तिघंचौघं बसले होते, तेही खाली बघत होते. मी म्हटलं, "हे पान माझंच ना?" ती म्हणाली, "तुमचंच." फाडून दिलं. मी घडी करून खिशात घातलं आणि उठलो. येतो म्हणालो नाही.

दोन महिने मी घराबाहेर पडलो तो शेतापुरता. एवढी वर्षं मी यमुनेला राखली असं समजत होतो. आणि ती मला सांभाळून वागत होती, घरातल्या मारक्या बैलाला सांभाळतात तशी. धर्मानं फसवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मग एका सकाळी उठलो आणि वैशाखऱ्याची गाडी धरली. धर्मा ओट्यावर दोर वळत बसला होता. मला बघून उठला नाही, पण बायकोला हाक मारली, "पानी आन, भावोजी आलं."

मी विचारलं, "मांडवात का नाय बोललास? एवढं मी बोललो तुला."

"ताईनं शपथ घातली होती, तुमाला सांगू नको म्हनून."

"आरे पन ती मेली!"

"मेल्यावर सांग, आसं काय ती बोलली नव्हती," धर्मा म्हणाला आणि परत दोर वळायला लागला. त्या दिवशी मी तिथं जेवलो. अर्धी भाकरी गिळली.

कच्चीची परीक्षा जवळ आली तेव्हा मी एकदा शहापूरला गेलो होतो. खोलीत मुलं बदलली होती. ती सरांना काही कागद द्यायला आली होती. म्हणाली, "बाबा, बरे आहात ना?" मी म्हटलं, "पास झालीस की पळशील कल्याणला." म्हणाली, "बघू." मी तिची माफी मागायला गेलो होतो. ती काही तोंडातून निघाली नाही. बाजारात जरा काम आहे म्हणालो आणि सटकलो.

ती कल्याणला गेली नाही. सनद मिळाल्यावर मुरबाडला एका मोठ्या वकिलाच्या हाताखाली बसली आणि पुढं तिनं स्वतःचं टेबल टाकलं. तिच्याबद्दल मला कळायचं ते लोकांच्या तक्रारींतून. ही बाई साध्या हक्कसोडीला दोन हेलपाटे घालायला लावते. अंगठा असेल तर अंगठा का, हे कागदातच लिहिते. बाईला सही येते का, हात दुखतोय का, डोळ्याला दिसतं का. घरात कोणाला माहीत आहे आणि कोणाला नाही, तेही विचारते. एक जण मला म्हणाला, "वकील हाय का सासू?" मी गप्प बसलो. कोणाचंही कौतुक करताना माझी जीभ जड होते, वय झालं तरी ते गेलं नाही.

गेल्या वर्षी धर्मानं ठरवलं, आपण आहोत तोवर पोराचं नीट करून टाकावं. वडिलोपार्जित जमीन, म्हणून मुलीची, मनीषाची, हक्कसोड हवी. साक्षीदार म्हणून मला बोलावलं. त्याच्या पोरानं वकील ठरवला होता मुरबाडचा, आणि आत जाऊन बघतो तर टेबलामागं कच्ची. अंगावर काळा कोट, चष्मा तसाच घसरलेला. तिनं मला ओळखलं, हात जोडले, पण जास्त बोलली नाही. ती त्या दिवशी धर्माची वकील होती.

मनीषा खाली मान घालून बसली होती. तिच्या मांडीवर नव्या साडीची पिशवी होती, धर्माच्या बायकोनं सकाळीच दिलेली. कच्चीनं तिला विचारलं, "ताई, मिस्टर आलेत?" जावई बाहेर रसाच्या गाडीवर उभा होता. त्याला आत बोलावला.

"हे कशाचं चाललंय, माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत हाय मॅडम. तिच्या बापाची जमीन, ती न तिचा बाप बघंल. मला काय?"

"उद्या ह्यावरून घरी बोलणी नको."

"नाय हो," तो हसला.

मग ती धर्माकडं वळली. "मामा, मनीषाताईंनी आज सही नाही केली, तर दिवाळीला त्यांना न्यायला जाणार का?"

एवढी वर्षं हे सगळ्यांच्या पोटात होतं. कोणी असं भरल्या खोलीत ओठावर आणलेलं मी पाहिलं नव्हतं. धर्माचा पोरगा म्हणाला, "मॅडम, हे काय विचारनं झालं?" त्याच्याकडं तिनं बघितलंही नाही. धर्मा खाली बघत होता. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, का कोण जाणे. आणि म्हणाला, "जाईन. माझी पोर हाय ती."

मनीषानं मान वर केली. "नक्की ना बाबा?"

"जाईन म्हटलं ना!"

"मंग मी नाय सोडत," मनीषा म्हणाली. तिनं साडीची पिशवी उचलून आईच्या मांडीवर ठेवली. जावई मोठ्यानं हसला आणि एकदम गप्प झाला. धर्माचा पोरगा खुर्ची सरकवून बाहेर गेला. कच्चीनं पेनाला टोपण लावलं, कागद गोळा केले आणि म्हणाली, "ठीक आहे. मग आज काम नाही."

परतीच्या गाडीत मी आणि धर्मा शेजारी बसलो होतो. सरळगाव येईपर्यंत तो धुसफुसत होता. फी घेते आणि काम मोडते, म्हणाला. असला वकील कुठं बघितला नाही, म्हणाला. मग माझ्या मांडीवर हात मारून म्हणाला, "भावोजी, ही बाई आपल्या कामाची नाय."

मी म्हटलं, "नाय. तुझ्या ताईच्या कामाची होती."